आधी पाठ पाहावी

मुंबई इलाख्याच्या फौजेतली तिसरी पलटण १९०३ मध्ये एकशे तिसरी झाली. १९२२ मध्ये ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. १९४५ मध्ये रेजिमेंटच्या नावापुढचा पाचाचा आकडा गेला आणि १९५० मध्ये मुकुट जाऊन त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पलटण मात्र तीच राहिली: १७६८चा जन्म सांगणारी, ‘जंगी पलटण’ म्हणून मिरवणारी. भरतीचा मुलूखही तोच. नाव, आकडा किंवा चिन्ह यांतले काही ना काही तेवढे चारदा बदलले आणि प्रत्येक बदल दफ्तरी नोंदला गेला. अधिकाऱ्यांच्या टोपीवरचे आणि कॉलरवरचे बिल्ले ओळखण्याची विद्या उभी आहे ती या नोंदींच्या आधारावर. बिल्ला खरा की खोटा हे तो जुना दिसतो की नाही यावरून ठरत नाही. त्याच्या अंगावरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का, यावरून ठरते. पुढची सगळी पाने या एका वाक्याचा विस्तार आहेत.

आधी पुस्तकाची हद्द सांगतो. मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेतून निघालेल्या मराठा पायदळ पलटणी आणि १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट, एवढ्यांच्याच बिल्ल्यांचा इथे विचार आहे. काळ १९०३ ते १९५०. सुरुवातीचे वर्ष सरसेनापती किचनेर यांच्या पुनर्रचनेचे. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या स्वतंत्र फौजा १८९५ मध्येच एक झाल्या होत्या, पण पलटणींचे आकडे जुनेच चालू होते. त्यामुळे एकाच आकड्याच्या दोन-तीन पलटणी हिंदुस्थानात नांदत होत्या. किचनेर यांनी सगळ्यांना एका माळेत ओवले. मुंबईच्या या पलटणींच्या वाट्याला जुन्या आकड्यात शंभर मिळवून येणारा आकडा आला. म्हणून तीनची १०३, पाचची १०५, दहाची ११०, आणि त्याच हिशेबाने ११४, ११६ व ११७. शेवटचे वर्ष प्रजासत्ताकाचे. घोडदळ आणि सॅपर्स यांचा पसारा एवढा मोठा आहे की त्यांना वेगळे पुस्तकच हवे. बटणे, बकले आणि खांद्यावरची पितळी अक्षरे इथे उल्लेखापुरती येतात.

अधिकाऱ्यांचेच बिल्ले का? शिपायाला बिल्ला कोठारातून मिळे. तो मंजूर नमुन्याबरहुकूम आणि हजारोंच्या संख्येने पाडलेला असे, त्यामुळे एक पाहिला की शंभर पाहिल्यासारखे. साहेबाला आपला पोशाख पदरच्या पैशाने शिवून घ्यावा लागे आणि बिल्लेही शिंप्याकडून किंवा जवाहिऱ्याकडून विकत घ्यावे लागत. पोशाखाचे नियम छापील होते. ‘आर्मी रेग्युलेशन्स, इंडिया’ या मालिकेचा सातवा खंड पोशाखालाच वाहिलेला होता. पण नियमात ‘चांदीचा बिगुल’ एवढेच लिहिले, तर बिगुलाचा बाक किती, दोरीला पीळ किती, गाठी कुठे, हे कारागिराच्या मर्जीवर राही. परिणाम असा की एकाच पलटणीत, एकाच वर्षी, दोन अधिकाऱ्यांच्या कॉलरवर थोडे वेगळे बिल्ले दिसू शकत आणि दोन्ही अस्सल असत. शिपायाच्या बिल्ल्यात फरक दिसला की नमुना बदलल्याची शंका घ्यावी. अधिकाऱ्याच्या बिल्ल्यात तो फरक मुळी अपेक्षितच असतो. नवा संग्राहक गोंधळतो तो इथे, आणि नकली माल खपतो तोही या गोंधळाच्या आडोशाने.

एकाच अधिकाऱ्याकडेही बिल्ल्यांचे दोन-तीन जोड असत. १९०२ मध्ये खाकी सर्व्हिस ड्रेस आला आणि त्याबरोबर काळपट तपकिरी ब्राँझचे बिल्ले आले. रणांगणावर चमक नको, हा त्यामागचा विचार. समारंभाच्या पोशाखावर चांदीचे, चांदीचा मुलामा दिलेले किंवा सोनेरी पाण्याचे बिल्ले लागत. मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला घालायच्या आखूड जाकिटाच्या कॉलरवर त्याहून नाजूक. एकच चिन्ह तीन धातूंत आणि तीन आकारांत सापडले, तर त्यातला एकच खरा असला पाहिजे असे नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बिल्ला हातात आला की चार खुणा तपासाव्यात: आकडा, मुकुट, धातू आणि पाठ.

आकडा सर्वांत बोलका. १०३, १०५, ११० असा तीन अंकी आकडा असेल तर बिल्ला १९०३ ते १९२२ मधला. पाचाचा आकडा असेल तर १९२२ ते १९४५. आकडाच नसेल आणि मुकुट असेल तर बहुधा १९४५ नंतरचा. रोमन लिपीत नाव कोरलेले असेल तर स्पेलिंगही पाहावे. ब्रिटिश काळात ‘मराठा’ लिहिताना दोन ‘टी’ येत, स्वातंत्र्यानंतर एकच ‘टी’ राहिला. इंग्रजांचा मुकुट आणि एकच ‘टी’ असा जोड समोर आला तर खिशाला हात लावण्याआधी थांबावे. ११० आकड्यावर अशोकाचे सिंह बसवलेला बिल्ला तर कुठल्याच काळात बसत नाही. आकडा गेला १९२२ला आणि सिंह आले १९५०ला. असे बिल्ले विकायला येतात, आणि ते घेणारेही भेटतात.

मुकुटाची गोष्ट थोडी नाजूक आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या असत. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला आणि घुमटासारख्या गोल कमानींचा मुकुट आला. संग्राहक त्याला ‘किंग्ज क्राउन’ म्हणतात. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, तेव्हा दबलेल्या कमानींचा मुकुट परत आला. इंग्लंडच्या पलटणींचे बिल्ले गोळा करणाऱ्यांना हे तिन्ही टप्पे लागतात. आपल्याला तिसरा लागतच नाही, कारण भारतीय सैन्याने मुकुट १९५० मध्येच उतरवून ठेवला होता. तेव्हा मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर दबलेल्या कमानींचा मुकुट दिसला, तर तो १९०१च्या आधीचा तरी असायला हवा, नाहीतर इंग्लंडच्या साच्यावरून अलीकडे बेतलेला. आणि त्याच बिल्ल्यावर १०५ असा आकडा असेल, तर पहिली शक्यताही निकालात निघते. यात अपवाद आहे तो फाळणीच्या वेळी ब्रिटिश सैन्यात गेलेल्या चार गुरखा रेजिमेंटांचा, आणि त्या या पुस्तकात नाहीत.

धातूकडे पाहताना चमकेला भुलू नये. पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश सैन्यात ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे बिल्ले आले. हलके, चकचकीत, न घासता लखलखणारे. या धातूत १९२२च्या आधीचा आकडा असूच शकत नाही. चांदी असेल तर तिच्यावर हॉलमार्क शोधावा. चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची मोहोर, शेजारचे अक्षर म्हणजे वर्ष आणि आद्याक्षरे बनवणाऱ्याची. बर्मिंगहॅमच्या गाँटसारख्या पेढ्यांची नावे अनेक बिल्ल्यांच्या मागे दिसतात. वर्षाच्या अक्षराचे तक्ते छापील मिळतात आणि चांगले भिंग असले की काम भागते.

एक नमुना उलगडून दाखवतो. समजा, अंगठ्याच्या पेराएवढा एक चांदीचा कॉलर बॅज समोर आहे. पुढे बिगुल, वर सुटलेल्या दोऱ्या, दोऱ्यांच्या मध्ये ११०, वर गोल कमानींचा मुकुट. उलटा केला. बिगुलाचा उठाव मागे खोलगट उमटलेला आहे, म्हणजे पत्रा पोलादी साच्यात दाबून घडवलेला. दोन तांब्याच्या कड्या चांदीच्या डाखाने जोडलेल्या आहेत, डाख कडीच्या बुडाशी बेताने बसला आहे, फुगून पसरलेला नाही. कड्यांच्या आतल्या बाजूला पिन घालून-काढून झिजल्याची चमक आहे. हॉलमार्कचे अक्षर १९१२चे निघते. आकडा, मुकुट, धातू, पाठ या चौघांनी एकच काळ सांगितला. बिल्ला ठेवून घ्यावा. आता त्याच बिल्ल्याच्या मागचे अक्षर १९३०चे आहे असे धरू. ११० हा आकडा तेव्हा मरून आठ वर्षे झालेली होती. तो एखाद्या निवृत्त साहेबाने हौसेने करून घेतलेला असेल, किंवा जुन्या आकड्याला भाव मिळतो म्हणून कुणी नंतर आकडा डकवलेला असेल. दोन्ही शक्यतांत तो त्या पलटणीच्या कॉलरवर चढलेला बिल्ला नव्हे.

पाठीला एवढे महत्त्व देण्याचे कारण साधे आहे. नकली माल करणारा सगळी मेहनत पुढच्या बाजूवर घेतो, कारण गिऱ्हाईक तीच बाजू पाहते. मागच्या जोडणीत तो वेळ वाचवतो. शिपायाच्या टोपीच्या बिल्ल्याला विसाव्या शतकात सर्रास एक लांबट पट्टी असे, तिला स्लायडर म्हणतात. अधिकाऱ्यांच्या ब्राँझच्या बिल्ल्याला बहुतेक वेळा दोन मऊ पाती असत. ती कापडातून आरपार घालून मागे दुमडायची. चांदीच्या बिल्ल्यांना कड्या किंवा मळसूत्री खिळे. पाती एकदाही दुमडलेली नसतील, दुमडीच्या जागी रेघदेखील नसेल, तर बिल्ला कधी टोपीवर चढलाच नाही असे समजावे. फुलपाखरासारखी चिमटी असलेली जोडणी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतून पसरली. १०३च्या मागे ती दिसली तर एक तर जोडणी बदललेली, नाही तर सगळा बिल्लाच नवा.

इथवरचे बहुतेक नियम इंग्रजी पुस्तकांत सापडतात. पण इंग्लंडच्या बिल्ल्यांसाठी लिहिलेला एक नियम हिंदुस्थानच्या बिल्ल्यांना लावला तर घात होतो. तो नियम असा: साच्यात दाबलेला बिल्ला खरा, ओतीव बिल्ला खोटा. ओतीव कामात कडा बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात, धातू निवताना आक्रसतो म्हणून आकार किंचित लहान भरतो. इंग्लंडमध्ये या खुणा दिसल्या की सहसा नक्कल समजतात, आणि तिथे ते बरोबरही आहे. पण बेळगाव, पुणे किंवा अहमदनगरच्या छावणीतल्या एखाद्या लेफ्टनंटचा कॉलर बॅज हरवला, तर तो बर्मिंगहॅमला पत्र लिहून महिनोन्महिने वाट पाहत बसत नसे. छावणीच्या बाजारातला सोनार दुसऱ्या बाजूचा बॅज समोर ठेवून, वाळूत ओतून किंवा पत्रा कापून आणि कानशीने घासून, तसाच एक करून देई. पलटणीने तो चालवून घेतला की तो त्या पलटणीचा बिल्ला झाला. आपल्याकडच्या पलटणींचे अस्सल बिल्ले असे हातघडणीचेही आहेत: जरासे वाकडे, मागून सपाट, कुठलाही शिक्का नसलेले. साच्यातला नाही म्हणून तो फेकला, तर आपल्याच मुलखातल्या कारागिरांचे काम फेकले.

मग ओतीव खरा आणि ओतीव खोटा यांत फरक कसा करायचा? हातघडणीच्या खऱ्या बिल्ल्यावर कानशीच्या रेघा असतात, पण वर्षानुवर्षे पॉलिश झाल्याने उंचवट्यांवरच्या रेघा पुसलेल्या आणि खोलगट भागातल्या शाबूत राहतात. नव्या नकलेत झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती यंत्राच्या ब्रशने किंवा आम्लात बुडवून आणलेली असते. दुसरे म्हणजे नक्कल करणारा मूळ बिल्ल्यावरचे अपघातही उचलतो. मूळ बिल्ल्याच्या दोरीवर पडलेला ओरखडा प्रत्येक नकलेत त्याच जागी उमटतो. दोन बिल्ल्यांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर त्या दोघांतला जास्तीत जास्त एकच खरा. आज बाजारात येणारा नवा माल मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक, इंग्लंडमध्ये जुन्या साच्यांवरून पुन्हा पाडलेले बिल्ले. त्यांचा उठाव खरा असतो, पाठ मात्र नवी. दुसरी वाट सियालकोटची. तिथे लष्करी चिन्हे बनवण्याचा मोठा धंदा आहे आणि मागणी येईल ते बनते.

कॉलर बॅजची आणखी एक खूण जोडीची. कॉलरवरचे बिल्ले जोडीने लागतात आणि चिन्हाला डावे-उजवे असेल तर जोडीतले दोघे बहुधा एकमेकांकडे तोंड करून असतात, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखे. दोन्ही बिगुलांची तोंडे एकाच बाजूला असलेली ‘जोडी’ विकायला आली तर ती दोन वेगळ्या जोड्यांतले उरलेले अर्धे असतात, किंवा एकाच साच्यातून आलेल्या नकला. आणि एकच नग, मागे साडीपिनेसारखी आडवी टाचणी आणि नाजूक मीनाकाम असेल, तर तो बहुधा कॉलर बॅज नसून ‘स्वीटहार्ट ब्रोच’ असतो, म्हणजे साहेबाने बायकोला किंवा वाग्दत्त वधूला दिलेला दागिना. तो सुंदर असतो, जुनाही असतो, पण गणवेशाचा भाग नसतो.

बिल्ला पलटण सांगतो, काळ सांगतो. तो कुणाचा होता हे मात्र सांगत नाही, आणि नेमका याच बाबतीत विक्रेत्याच्या गोष्टींना बहर येतो. १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. या तीन आकड्यांचा बिल्ला आला की ‘हा कुतमधला’ असे सांगितले जाते आणि भाव चढतो. त्याच आकड्याचा बिल्ला पुण्यात बसलेल्या अधिकाऱ्याच्याही कॉलरवर असे. कागद, फोटो किंवा नाव कोरलेला डबा बरोबर नसेल, तर कुतचे नाव फुकट ऐकावे, त्याचे पैसे मोजू नयेत.

आडनावावरून पलटण ठरवणे हा तसाच दुसरा फसवा रस्ता. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात सँडहर्स्टहून १९२६ मध्ये अधिकारी झाले, पण ते गेले चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी नेतृत्व केले तेही दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचे. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या पेटीत पंजाबचा बिल्ला निघाला, तर तो चुकून आलेला नसतो. उलट बाजूही तेवढीच खरी. १९२३ मध्ये आठ पलटणींत हळूहळू हिंदी अधिकारी नेमायची योजना आली, आणि त्या आठांत पूर्वीची ११७वी, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी ‘रॉयल’ बटालियन होती. तेव्हा तिचा अधिकारी दर्जाचा बिल्ला गोऱ्या साहेबाचाच असेल असे गृहीत धरायचे कारण नाही. या पलटणींत सुभेदार आणि जमादार या हुद्द्यांवरचेही अधिकारी होते. त्यांचे फेट्यावरचे बिल्ले साताऱ्या-रत्नागिरीकडच्या घरांत अजून निघतात. त्यांच्यासाठी या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे.

चिन्हाची निवड नुसती शोभेची नसते, हेही इथे सांगायला हवे. बिगुल हे लाइट इन्फन्ट्रीचे चिन्ह, कारण विखरून लढणाऱ्या या पायदळाला हुकूम बिगुलावर दिले जात. मुंबईच्या पाचव्या पलटणीला लाइट इन्फन्ट्रीचा मान १८४१ मध्ये मिळाला. आदल्या वर्षी बलुचिस्तानातल्या काहानचा किल्ला तिच्या तुकडीने लढवला होता. हीच पुढची १०५वी, आणि ‘काली पाँचवी’ हे नाव ती आजही लावते. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, १ जानेवारी १८१८च्या लढाईची आठवण देणारा. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि व्हिकर्स मशीनगनची फुली बिल्ल्यावर आली. पुढे स्तंभाची जागा खंजिराने घेतली. स्तंभ असलेला बिल्ला म्हणूनच थोड्या वर्षांचा आणि दुर्मिळ. त्याच्या नकलाही म्हणूनच भरपूर.

थोडे सांभाळण्याबद्दल. ब्राँझच्या बिल्ल्याला पितळ घासायचे पॉलिश कधीही लावू नये. ब्राँझचा रंग हा वरचा थर असतो. तो गेला की खाली पिवळे पितळ उघडे पडते आणि बिल्ल्याचा निम्मा पुरावा जातो. चांदी काळी पडली तर मऊ सुती फडक्याने पुसावी, झिजलेली टोके उगाळू नयेत. पीव्हीसीच्या पिशव्यांतून सुटणारी रसायने धातू खातात. आम्लरहित कागद आणि कोरडी जागा पुरते. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि बदलत राहावे.

कायद्याच्या दोन गोष्टी. संग्रह करायला आडकाठी नाही, पण लोकांनी आपल्याला सैनिक समजावे म्हणून बिल्ला लावून फिरणे हा गुन्हा आहे. आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते व ती केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था यांच्याशिवाय कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही. तीन अंकी आकड्यांचे सारे बिल्ले आता या वयाचे झाले आहेत. परदेशी गिऱ्हाईक मिळाले म्हणून पाकिटात घालून पोस्टात टाकण्याआधी याचा विचार करावा.

पुस्तकाची मांडणी पलटणीनुसार आहे. प्रत्येक पलटणीला आधी छोटा इतिहास, मग अधिकाऱ्यांचे टोपीचे बिल्ले, मग कॉलरचे, आणि प्रत्येकाची पुढची बाजू व पाठ दोन्ही छापली आहे. पाठीचे छायाचित्र नसेल तो नमुना घेतलेला नाही. ब्रिटिश पलटणींसाठी किपलिंग आणि किंग यांचे दोन खंड आणि हिंदुस्थानी फौजेच्या गणवेशांसाठी कारमन यांची पुस्तके संग्राहकांच्या हाताशी असतातच. ती बाजूला सारण्याचा इथे हेतू नाही. मराठीत असे काही नव्हते आणि या पलटणी तर इथल्या, एवढेच निमित्त.

भाव मात्र कुठेच दिलेले नाहीत. भाव वर्षागणिक बदलतात, आणि भावाचा रकाना असला की वाचक पहिल्यांदा तोच पाहतो. त्या जागी प्रत्येक नोंदीखाली एक रकाना मोकळा सोडला आहे: बिल्ला कुठून आला, कुणाकडून आला, त्याच्याबरोबर काय होते. मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की कुणाच्या माडीवरची लोखंडी ट्रंक, मिळाल्या दिवशीच हा रकाना भरावा. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे बिल्ले आहेत त्यांनी तर ते विकण्याआधी किंवा कुणाला देण्याआधी नाव, हुद्दा, पलटण आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून बिल्ल्यासोबत ठेवावे. आकडा, मुकुट, धातू आणि पाठ यांचा अर्थ पन्नास वर्षांनंतरही कुणीतरी लावील. माणसाचे नाव आज लिहिले नाही, तर ते नंतर कुठल्याच भिंगाने सापडणार नाही.